किल्ल्या माझ्याकडेच

मंगळवार, रात्री सव्वाअकरा

साडेसहाची ऑनलाइन मीटिंग साडेआठला संपली. मध्येच कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. मी म्यूट करायला विसरले होते. नैरोबीचे बंधू हसून म्हणाले, पुण्यात आज जेवायला काय? त्यांच्याकडे दुपारचे चार, ब्राझीलच्या भगिनी सकाळची कॉफी घेत बसलेल्या आणि सोलची बिचारी रात्री दहाला जांभया आवरत होती. पूर्वी वेळ अमेरिकेतलं ऑफिस ठरवायचं आणि आम्ही सगळे मुकाट्याने घड्याळ लावायचो. आता वेळ आळीपाळीने, अध्यक्षपणही आळीपाळीने. गेल्या वर्षापासून आमच्या मिशनमध्ये जागतिक संचालक हे पदच नाही. पाच देशांतल्या पाच जणांचा गट आहे, त्यात एक मी. इथे मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, कुणालाही हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "ते ठीक आहे, पण साहेब कोण?"

शास्त्रपठणाला बंधूंनी बायबलमधलं लूकचं पुस्तक, प्रेषितांची कृत्ये, तेरावा अध्याय घेतला. अंत्युखियाच्या मंडळीतली पाच नावं. बर्णबा, निग्र म्हटलेला शिमोन, लूक्य कुरेनेकर, हेरोदाबरोबर वाढलेला मनाएन आणि शौल, म्हणजे पुढचा पौल. एक कुप्रचा (सायप्रसचा), एक आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा, एक राजवाड्यातल्या संगतीतला. यांच्यात मुख्य कोण, ते लूक सांगतच नाही. संडे स्कूलपासून ऐकत आलेय मी हे, पण आज त्यापुढच्या ओळीपाशी अडखळले. या मंडळीने बाहेर कुणाला पाठवलं, तर बर्णबाला आणि शौलाला. हाताशी असलेली सगळ्यात चांगली दोन माणसं देऊन टाकली. आपण कुणाला पाठवलं असतं? ज्याचं पंचकमिटीशी पटत नाही त्याला.

मग प्रत्येकाने आपल्या हातातली एक गोष्ट सोडायची, असं ठरलं. माझी पाळी आल्यावर मी म्हणाले, प्रशिक्षणाचं काम तरुणांकडे देते. सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही बरं वाटलं. (प्रशिक्षण मला तसंही कंटाळवाणं वाटतं, हे कुणाला माहीत नाही.) वर पाद्री व्ही. एस. अझरायांची गोष्ट सांगितली, ती आम्हा भारतीयांची हुकमी गोष्ट. 1910 सालची एडिंबरोची मिशनरी परिषद, बाराशेच्या आसपास प्रतिनिधी, त्यात आशियातले वीससुद्धा नाहीत. तिथे उभं राहून या दक्षिणेकडच्या पस्तिशीतल्या माणसाने मिशनऱ्यांना तोंडावर सुनावलं की तुम्ही आमच्यासाठी धन द्याल, देह झिजवाल, पण आम्हाला मित्र हवे आहेत. दोनच वर्षांनी ते दोर्णकलचे बिशप झाले, अँग्लिकन मंडळीतले पहिले भारतीय बिशप.

आपल्या रेव्हरंड टिळकांची गोष्ट मात्र मी सांगितली नाही. ती परक्यांना सांगायला अवघड जाते. त्यांच्या भजनांवर आपली निम्मी उपासना चालते, म्हणून कवी म्हणून ते पाठ आहेत. पण 1917 मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडली, हे आपण सोयीने विसरतो. सातारला त्यांनी देवाचा दरबार मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा. मिशनचा पगार नाही, मिशनचा हुकूम नाही. ख्रिस्ताचे भक्त आणि या मातीतली भक्ती, बस. 1919 मध्ये टिळक गेले आणि दरबारही फार टिकला नाही. दारं चहूकडून उघडी होती, पण खांब एकच होता. हे मी मीटिंगमध्ये बोलले असते तर लोकांनी विचारलं असतं, मग तुमच्या पुण्याच्या ऑफिसचं काय?

कारण आमच्या ऑफिसचा खांब मी आहे.

जेवणं उरकून फोन पाहिला. येरवड्याच्या शिवणवर्गाच्या शिक्षिकेचे तीन मेसेज, पहिला शनिवारचा. "ताई, सलाम. दोन नंबरच्या मशीनचा पट्टा तुटला. नवीन आणू का?" दुसरा सोमवारी, नुसतंच "ताई?" तिसऱ्यात फोटो. मशीनवर कापड झाकलंय आणि शेजारी दोघी काजं करत बसल्यात. वर्गात बारा जणी, मशीन सहा. म्हणजे त्या दोघी शनिवारपासून काज-बटणंच करतायत. पट्टा दीडशेचा. दुकान तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर.

तिने आणला नाही, कारण नियम. नियम माझा. सप्टेंबर 2020 मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. बाहेरून आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देणं बंद झालं, म्हणजे खेडोपाडीच्या लहान संस्थांना आम्ही द्यायचो तो वाटाही एका फटक्यात बंद. ऑफिसखर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली. पैसा घ्यायचा तो दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच. मी इतकी धास्तावले की दहा रुपयांच्या पावतीवरही माझी सही लागेल असं ठरवून टाकलं. तिकडचे म्हणतात अधिकार खाली जाऊ द्या, इथला कायदा हिशेब एका हाती मागतो, हे रडगाणं मी आज मीटिंगमध्ये दोनदा गायले. पण शिवणवर्गाचा किरकोळ खर्च तर आपल्या मंडळीच्या दानार्पणातून चालतो! बाहेरचा एक रुपया त्यात नाही. पट्ट्याच्या आड दिल्ली आली नव्हती.

कपाटाच्या किल्ल्या माझ्या पर्समध्ये, पर्स रात्री उशाशी. हे नेहमी म्हणतात, तू गावाला गेलीस की ऑफिसही गावाला जातं. मी ते कौतुक समजत होते.

दहा वाजता तिला लिहिलं, "सलाम. चुकलं माझं. उद्या पट्टा आण. आणि यापुढे पाचशेपर्यंतचं तूच ठरव, मला विचारू नकोस."

लगेच निळ्या टिका आल्या. बराच वेळ ती टाइप करत असल्याचं दिसत होतं. थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं.

मग आलं, "बरं ताई. पण बिलावर सही तुमचीच ना?"