साहेब कधी पडले होते का?

कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचो तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे आहे, आणि निवृत्त झाल्यावरही कोणतीही निवडणूक जवळ आली की कुणी ना कुणी फोन करून विचारतंच: "सर, यशवंतराव चव्हाण एकदाही पडले नाहीत म्हणतात, खरं आहे का?" विचारणाऱ्याला बहुतेक वेळा फक्त 'हो' ऐकायचं असतं, कारण कट्ट्यावर पैज लागलेली असते. परवा पुन्हा तुम्ही विचारलंत म्हणून या वेळी जरा सविस्तर लिहितो.

तर हो, खरं आहे. 1946, 1952, 1957 आणि 1962 या चार वेळा ते विधानसभेवर गेले. 1963 च्या पोटनिवडणुकीत नाशिकमधून लोकसभेवर गेले आणि पुढे 1967, 1971, 1977, 1980 अशा चार वेळा साताऱ्यातून खासदार झाले. म्हणजे एकूण नऊ निवडणुका आणि पराभव एकही नाही. पैजेपुरतं उत्तर इथे संपलं.

माझी तक्रार या 'अपराजित' शब्दाबद्दल आहे. तो लावला की सगळ्या निवडणुका एकसारख्या सोप्या वाटायला लागतात. माणसानं अर्ज भरायचा, कार्यकर्त्यांनी गुलाल आणून ठेवायचा आणि निकालाची वाट बघायची, असं काहीसं चित्र उभं राहतं. आकडाच हवा असेल तर सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांचा आहे. ते अकरा वेळा आमदार झाले, मधे 1972 ला आणि 1995 ला पडले, तरी त्यांच्या मोठेपणात काही उणं आलं नाही. यशवंतरावांच्या नऊपैकी दोन निवडणुका मला खरोखर महत्त्वाच्या वाटतात, 1957 आणि 1980. बाकीच्यांबद्दल फार वेळ घेत नाही.

खरं तर त्यांनी पहिली निवडणूक लढवली ती दुसऱ्यासाठी. 1937 च्या प्रांतिक निवडणुकीत आत्माराम पाटील बोरगावकर काँग्रेसकडून उभे होते आणि विशीतले यशवंतराव त्यांच्या प्रचाराला गावोगाव फिरले. आत्माराम पाटील निवडून आले. पुढे 1946 ला यशवंतराव स्वतः दक्षिण सातारा मतदारसंघातून आले, पण तेव्हा मतदानाचा हक्क सगळ्यांना नव्हता, मालमत्तेच्या आणि शिक्षणाच्या अटी होत्या. बेचाळीसच्या चळवळीचं वारं अजून अंगात होतं आणि या भागात काँग्रेसला आव्हान देणं सोपं नव्हतं. 1952 ची पहिली सार्वत्रिक निवडणूकही त्यांना जड गेली नाही. त्याच निवडणुकीत मोरारजी देसाई स्वतःची जागा हरले, तरी मुख्यमंत्री झाले, आणि यशवंतराव त्यांच्या मंत्रिमंडळात पुरवठामंत्री झाले. निवडून येणं आणि वर चढणं यांचा संबंध वाटतो तेवढा सरळ नसतो, एवढं यावरून कळतं.

आता 1957. यशवंतराव तेव्हा मराठी-गुजराती एकत्र असलेल्या द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते. भाऊसाहेब हिरे यांच्याविरुद्ध विधिमंडळ पक्षाच्या नेतेपदाची लढत जिंकून, 1 नोव्हेंबर 1956 ला ते त्या खुर्चीवर बसले. खुर्ची मोठी होती, पण तिच्याखाली निखारे होते. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र हवा म्हणून माणसं रस्त्यावर आली होती, गोळीबारात शंभरावर माणसं मेली होती. आणि यशवंतरावांनी फलटणला 1955 च्या अखेरीस नेहरूंचं नेतृत्व संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीहून मोठं मानल्याचं सांगून टाकलं होतं. ते विधान लोक विसरले नव्हते. विरोधक तर प्रत्येक सभेत त्याची उजळणी करत.

मतदान कसं व्हायचं ते नव्या पिढीला ठाऊक नसतं, म्हणून सांगतो. नंतरच्या काळासारखा छापील नावांवर शिक्का मारायचा नव्हता, बटण तर दूरच. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी पत्र्याची पेटी असायची, तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. हातात दिलेल्या मतपत्रिकेवर कुणाचंच नाव नसे. चिट्ठी साधारण रुपयाच्या नोटेएवढी. ती आपल्या माणसाच्या पेटीत टाकली की झालं. विधानसभेची वेगळी, लोकसभेची वेगळी. काँग्रेसच्या बैलजोडीच्या पेटीसमोर उभं राहून माणूस काय विचार करत असेल, याची कल्पना करायला मला आवडते, कारण त्या वर्षी या भागात बैलजोडीकडे पाठ फिरवून पुढच्या पेटीकडे जाणारे पुष्कळ होते.

किती, ते लोकसभेच्या निकालात दिसतं. साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील कम्युनिस्ट पक्षाकडून निवडून आले. कराड लोकसभा मतदारसंघातून शेतकरी कामगार पक्षाचे दाजीसाहेब चव्हाण निवडून आले. (हे पृथ्वीराज चव्हाणांचे वडील. आडनाव एक म्हणून त्यांना यशवंतरावांचे नातलग समजणारे मला अजून भेटतात. तसं नाही.) म्हणजे मुख्यमंत्र्यांच्या घरच्या गावात लोकसभेला संयुक्त महाराष्ट्र समितीचा उमेदवार जिंकला आणि विधानसभेला कराडमधून मुख्यमंत्री कसेबसे तरले. समोर शेकापचे केशवराव पवार होते. मतांचं अंतर इतकं थोडं होतं की दोनचार गावं इकडची तिकडे झाली असती तर पुढचा सगळा इतिहास वेगळा लिहावा लागला असता. माझा तर्क असा की काही मतदारांनी तरी दोन चिठ्ठ्या दोन वेगळ्या पक्षांच्या पेट्यांत टाकल्या असणार. आमचा माणूस राहू दे, पण त्याच्या पक्षाला कळू दे, असा तो हिशोब. सिद्ध करता येणार नाही, पण हा भाग ज्याला माहीत आहे त्याला पटेल.

यशवंतरावांना दुसरीकडे कुठे सोपी जागा मिळाली नसती का, असंही विचारतात. द्विभाषिकात काँग्रेसला 396 पैकी 234 जागा मिळाल्या, त्या मुख्यतः गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याच्या बळावर. पण पश्चिम महाराष्ट्रातल्या मुख्यमंत्र्यानं घरच्या मतदारांना चुकवून विदर्भातून निवडून यायचं, याचा अर्थ लोकांनी काय काढला असता हे सांगायला नको. कराडलाच उभं राहणं हे त्या परिस्थितीत एकमेव शहाणपण होतं, आणि धोकाही तितकाच.

माझ्या मते ते 'जिंकले' म्हणण्यापेक्षा मतदारांनी त्यांना इशारा देऊन सोडलं, असं म्हणावं. त्यांनी तो ऐकलाही. त्याच वर्षी 30 नोव्हेंबरला नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा समितीनं काळी निशाणं घेऊन घाटाच्या रस्त्याला माणसांची रांग लावली. मुख्यमंत्री त्याच गाडीच्या वाटेवर होते. द्विभाषिक टिकणार नाही हे दिल्लीला पटवण्याचं काम पुढच्या दोन-अडीच वर्षांत झालं, त्यात यशवंतरावांचा वाटा मोठा होता, आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. 1962 ला काँग्रेसनं 264 पैकी 215 जागा जिंकल्या. पाच वर्षांपूर्वीच्या निसटत्या आकड्याशेजारी हा आकडा ठेवून बघा.

1962 च्या नोव्हेंबरात चीनच्या आक्रमणामुळे कृष्ण मेनन गेले आणि नेहरूंनी यशवंतरावांना संरक्षणमंत्री म्हणून बोलावून घेतलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य तेव्हाचं. केंद्रात मंत्री झाल्यावर सहा महिन्यांत संसदेच्या कुठल्यातरी सभागृहात निवडून यावं लागतं. नाशिकची जागा मिळाली आणि ते बिनविरोध आले. विरोधकांनी उमेदवारच दिला नाही. या विजयाबद्दल लोक अभिमानानं बोलतात, बोलावंही, पण निवडणुकीच्या इतिहासात याचं वजन मी कमी धरतो. देशावर संकट असताना संरक्षणमंत्र्याला कुणी आडवं गेलं नाही. यातून त्या वेळचं वातावरण कळतं, मतदार कळत नाही.

त्यानंतर साताऱ्याची मालिका. 1967 आणि 1971 चे विजय मोठे, त्यात सांगण्यासारखं कमी. 1971 ला तर महाराष्ट्रातल्या 45 पैकी 42 जागा काँग्रेसकडे गेल्या, त्या लाटेत कुणाचा पराक्रम मोजायचा? मधल्या काळात गृह, अर्थ, परराष्ट्र अशी खाती त्यांच्याकडे आली. पक्ष फुटला तेव्हा ते आधी एका बाजूला झुकले आणि शेवटी इंदिरा गांधींबरोबर राहिले. 'कुंपणावर बसणारे' हे विशेषण विरोधकांनी तेव्हापासून त्यांना जे चिकटवलं ते कायमचं. 1977 ला उत्तरेत काँग्रेस साफ धुऊन निघाली, खुद्द इंदिराजी रायबरेलीत हरल्या, पण सातारा राहिला आणि यशवंतराव लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले.

मग 1980. आधीच्या जुलैमध्ये त्यांनीच मोरारजी सरकारविरुद्ध अविश्वासाचा ठराव मांडला होता. तेच मोरारजी, ज्यांच्या हाताखाली ते एकेकाळी संसदीय सचिव आणि मंत्री होते. सरकार पडलं, चरणसिंग पंतप्रधान झाले आणि यशवंतराव उपपंतप्रधान. ते सरकार लोकसभेला सामोरं न जाता राजीनामा देऊन मोकळं झालं आणि जानेवारीत निवडणूक लागली. कुंपणावरून उतरायची वेळ आली तेव्हा ते नेमके हरणाऱ्या बाजूला उतरले होते. इंदिरा गांधींना देशात 353 जागा मिळाल्या. महाराष्ट्रातल्या 48 पैकी 39 इंदिरा काँग्रेसच्या, 8 जनता पक्षाच्या, आणि अर्स काँग्रेसची, म्हणजे इंदिराजींपासून वेगळ्या झालेल्या ज्या काँग्रेसमध्ये यशवंतराव होते तिची, फक्त एक. ती एक म्हणजे सातारा.

या निवडणुकीत त्यांच्यामागे लाट नव्हती, सत्ता येण्याची शक्यता नव्हती आणि आयुष्यभराचा पक्ष समोर उभा होता. चिन्हही नवं, चरखा. ज्या मतदारानं 1952 पासून 1967 पर्यंत बैलजोडी बघितली, नंतर गायवासरू ओळखायला शिकला, त्याला आता सांगायचं की साहेब चरख्यावर आहेत, पंज्यावर नाहीत. गावोगाव चिन्ह पोचवणं हे किती किचकट काम असतं ते ज्यांनी प्रचार केलाय त्यांना विचारा. म्हाताऱ्या माणसांचा हात सवयीच्या चित्राकडे जातो. तरीही लोकांनी शोधून चरख्यावर शिक्का मारला. म्हणून 'सगळ्यात मोठा विजय कोणता' असं कुणी विचारलं की मी मताधिक्याचे आकडे न बघता 1980 सांगतो.

त्याचा त्यांना राजकारणात उपयोग काय झाला, हा पुढचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर: फारसा नाही. महाराष्ट्रातून एकच खासदार घेऊन दिल्लीत काय करणार? पुढे बराच काळ ताटकळल्यावर ते इंदिरा काँग्रेसमध्ये परतले. आठव्या वित्त आयोगाचं अध्यक्षपद मिळालं, मंत्रिपद मिळालं नाही. 25 नोव्हेंबर 1984 ला दिल्लीत त्यांचं निधन झालं, तेव्हा लोकसभेची निवडणूक महिन्यावर आली होती. त्या डिसेंबरात साताऱ्यातून काँग्रेसचे प्रतापराव भोसले निवडून आले, हाताच्या पंजावर. त्या चिन्हावर यशवंतराव एकदाही उभे राहिले नव्हते.