पाचवे घर

माझी मावशी नागपुरात चार घरी स्वयंपाक करते. दिवाळीनंतर तिला पाचव्या घरच्या बाईंनी विचारले होते. काम फक्त सकाळच्या पोळ्यांचे, महिन्याला बाराशे रुपये, आणि घर तिच्या रोजच्या वाटेवरचेच. मावशीने नाही म्हटले. अठ्ठावन्न वर्षांची बाई आहे, आता झेपत नसेल, असे मला वाटले. पण कारण निराळे होते. माझ्या ओट्याशी उभी राहून, हातातला कप खाली न ठेवता ती म्हणाली, "पाचवं घर धरलं तं हिचे पैसे बंद होतीन. मंग कसं करू?"

'ही' म्हणजे माझी मावसबहीण. ती चौतीस वर्षांची आहे आणि तिला सिकलसेल आहे, एसएस पॅटर्न. विदर्भात हे शब्द बहुधा उलगडून सांगावे लागत नाहीत, कारण आमच्याकडे नात्यात किंवा शेजारात कुणी ना कुणी 'एसएस' किंवा 'एएस' असतेच. बाहेरच्या वाचकांसाठी एवढेच सांगते की, 'एसएस' म्हणजे आजार असलेला, 'एएस' म्हणजे नुसता वाहक, आणि या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मग हाडांत, छातीत, पोटात असे दुखणे उठते की माणूस अंथरुणावर गडबडा लोळतो. माझ्या बहिणीच्या उजव्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा याच कारणाने तुटला आणि तो सांधा कायमचा खराब झाला. ती काठी घेऊन चालते, रोज हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेते, आणि वर्षातून एकदोनदा तिला रक्त चढवावे लागते.

१९९५ च्या अपंगत्वविषयक कायद्यात सातच प्रकार होते आणि त्यांत सिकलसेल नव्हता. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, प्रकारांची संख्या २१ झाली आणि सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलिया या रक्ताच्या आजारांचा त्यांत समावेश झाला. आमच्या घरासाठी ही फार मोठी गोष्ट होती. बहिणीला चाळीस टक्क्यांच्या वरचे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले, दिव्यांगांसाठीचे वैश्विक ओळखपत्र मिळाले, आणि संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून दरमहा पैसे सुरू झाले. १९८० पासून चालत आलेल्या या योजनेला आमच्याकडे सगळे नुसते 'निराधारचे पैसे' म्हणतात. हा शब्द मला आवडत नाही, कारण माझ्या बहिणीला आधार आहे. तिची आई आहे, आम्ही आहोत. तिला हवी आहे ती तिच्या आजारामुळे होणाऱ्या खर्चाची भरपाई.

मावशीने पाचवे घर का नाकारले, ते समजण्यासाठी थोडा हिशेब मांडावा लागतो. या योजनेत दिव्यांग अर्जदारासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. म्हणजे महिन्याला ४,१६६ रुपये, दिवसाला १३७. मावशीला चार घरांचे मिळून चार हजार मिळतात, वर्षाचे ४८,०००. पाचवे घर धरले की वर्षाचे उत्पन्न ६२,४०० होते, मर्यादा ओलांडली जाते आणि अनुदान थोडे कमी होण्याऐवजी पूर्ण बंद होते. मधली पायरीच ठेवलेली नाही. १४,४०० रुपये कमावण्यासाठी वर्षाचे ३०,००० रुपये सोडायचे, असा हा व्यवहार आहे, आणि चौथी शिकलेल्या माझ्या मावशीने तो मनातल्या मनात बरोबर मांडला होता.

हे ३०,००० रुपये अलीकडचे आहेत. २०२३ मध्ये अनुदान १,००० वरून १,५०० रुपये झाले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ते २,५०० रुपये केले, ऑक्टोबरपासून. या निर्णयामागे दिव्यांगांनी कित्येक वर्षे केलेली आंदोलने आहेत. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत यशवंत स्टेडियमवरून निघणाऱ्या मोर्च्यांत तीनचाकी सायकली हातांनी ढकलत विधान भवनाच्या दिशेने जाणारी माणसे मी स्वतः पाहिली आहेत, आणि त्या वाढीचे मोल मी कमी लेखणार नाही. वाढीव हप्ता आला त्या दिवशी बहिणीने पहिल्यांदा स्वतःच्या पैशांनी सोनोग्राफी करून घेतली. पण रक्कम वाढली आणि उत्पन्नाची मर्यादा जागची हलली नाही, याचा परिणाम असा झाला की पूर्वी मर्यादा ओलांडली तर वर्षाला १८,००० जात, आता ३०,००० जातात. मदत वाढली तशी मदत जाण्याची भीतीही वाढली, आणि त्या भीतीपोटी एक कष्टाळू बाई चालून आलेले काम परत पाठवते.

२०२५-२६ मध्ये रोजगार हमीच्या कामाचा महाराष्ट्रातला दर दिवसाला ३१२ रुपये होता. या दराने घरातल्या एका माणसाने वर्षात १६१ दिवस काम केले, म्हणजे अर्धे वर्षही नाही, तरी ५०,००० ची मर्यादा ओलांडली जाते. शासनाने ठरवलेल्या मजुरीवर निम्मे वर्ष राबणाऱ्या बापाचे दिव्यांग मूल शासनाच्याच मदतीला मुकते, हे दोन आकडे शेजारी ठेवून कुणी पाहिलेले दिसत नाही.

मला सर्वांत जास्त खुपते ती तुलना मात्र वेगळी आहे. जुलै २०२४ पासून 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना सुरू झाली. महिन्याला १,५०० रुपये, आणि उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. ज्या बाईला दुसऱ्या शासकीय योजनेतून १,५०० किंवा अधिक रुपये मिळतात, ती या योजनेत अपात्र ठरते, म्हणून माझी बहीण अपात्र. बायकांच्या हातात पैसे आले याचा मला मनापासून आनंद आहे, आमच्या गल्लीतल्या कितीतरी जणींचे घर त्याने सावरले आहे. पण सव्वा वर्ष अशी स्थिती होती की, धडधाकट शेजारणीला दोन लाख उत्पन्नावर जे १,५०० रुपये मिळत, तेच माझ्या बहिणीला वर्षाकाठी पन्नास हजारांच्या आत राहण्याच्या अटीवर मिळत होते. २०१६ च्या कायद्याचे कलम २४ स्पष्ट सांगते की, सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना मिळणारी मदत इतरांसाठीच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्क्यांनी जास्त असली पाहिजे. १,५०० च्या सव्वापट १,८७५ होतात. आजचे २,५०० त्याहून अधिक आहेत, हे खरे. पण २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत दिलेल्या वचनाप्रमाणे लाडक्या बहिणींचे २,१०० झाले, तर सव्वापट २,६२५ होतील आणि आम्ही पुन्हा मागे पडू. दरवेळी भांडून आकडा वाढवून घेण्यापेक्षा कलम २४ चे प्रमाण शासन निर्णयातच बांधून घालावे, असे माझे स्पष्ट मत आहे. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतनाकडे पाहिले की याची गरज पटते. त्यात ८० टक्के दिव्यांगत्व लागते आणि केंद्राचा वाटा २०१२ पासून महिना ३०० रुपयांवरच थांबला आहे.

२०२४ च्या अखेरीस निराधारचे पैसे डीबीटीने, म्हणजे आधार क्रमांकाच्या आधारे थेट खात्यात, जमा करण्याची पद्धत आली. मधली गळती थांबावी हा हेतू चांगलाच आहे. आमच्या घरी मात्र त्या बदलानंतर तीन महिने पैसेच आले नाहीत. मावशीने बँकेत जाऊन पासबुक छापून आणले, तीनदा, आणि प्रत्येक वेळी शेवटची ओळ तीच. एका कार्यालयात सांगितले की पैसे गेले आहेत. बँकेत सांगितले की आले नाहीत. दोघेही खरे बोलत होते. डीबीटीचे पैसे ज्या खात्याला आधार शेवटचे जोडलेले असते त्या खात्यात जातात, आणि बहिणीचे आधार कधीतरी कॉलेजात शिष्यवृत्तीसाठी काढलेल्या शून्य शिलकीच्या खात्याला जोडले गेले होते. ते खाते कित्येक वर्षांत वापरले नव्हते, म्हणून बँकेने निष्क्रिय करून ठेवले होते. ते पुन्हा सुरू करायला तिने स्वतः यावे लागेल, असे सांगण्यात आले.

तो मे महिना होता. नागपूरचा मे कसा असतो ते सांगायला नको, पंचेचाळीस अंश म्हणजे इथे साधी गोष्ट. पण सिकलसेलच्या माणसासाठी ऊन हा निव्वळ त्रास नसतो. अंगातले पाणी कमी झाले की पेशी वाकायला लागतात आणि दुखणे उठते. तिला दिवसभर पाणी पीत राहायला डॉक्टरांनी सांगितले आहे. बँकेच्या रांगेत ती पावणेदोन तास उभी होती. बसायला एक बाक होता, त्यावर आधीच तीन म्हातारी माणसे होती. रांगेत पाणी पिणेही ती टाळत होती, कारण तिथे बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हते. खाते सुरू झाले, तीन महिन्यांचे ४,५०० रुपये मिळाले, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे तिला रिक्षात घालून दवाखान्यात न्यावे लागले. पाच दिवस सलाईन, दोन पिशव्या रक्त. त्या पाच दिवसांत मावशीच्या चारही घरांचे खाडे झाले. मिळालेल्या ४,५०० पैकी काहीच उरले नाही.

खरा लाभार्थी कोण हे तपासलेच पाहिजे, बनावट प्रमाणपत्रांचा फटका शेवटी आमच्याच लोकांना बसतो. पण उत्पन्नाचा दाखला, हयातीचा दाखला, केवायसी, मुदत संपलेले दिव्यांग प्रमाणपत्र, यांतल्या प्रत्येक तपासणीचा भार आजारी माणसाच्याच शरीरावर टाकला जातो. बहिणीच्या प्रमाणपत्रावर मुदत छापलेली आहे, म्हणजे ती संपली की पुन्हा वैद्यकीय मंडळासमोर उभे राहणे आले. सिकलसेल गोळ्यांनी कधीच जात नाही, तरी. शिवाय तपासणी एका दिवसाची असते आणि आजार वर्षभराचा. ज्या दिवशी तिला बोलावतात त्या दिवशी ती नीट बोलते, चार पावले चालते, हसतेसुद्धा. दुखणे उठलेले असते तेव्हा ती तिथपर्यंत पोहोचूच शकत नाही, म्हणून तपासणाऱ्याला ती फक्त बरी असलेलीच दिसते.

तपासणीचे हे दुखणे केवळ आपल्याकडचे नाही. ब्रिटनमध्ये २०१३ पासून जो दिव्यांग भत्ता आहे, त्यात टक्क्यांऐवजी गुण देतात: स्वयंपाक, आंघोळ, कपडे घालणे अशा कृतींवर. २०२५ च्या मार्चमध्ये तिथल्या सरकारने कोणत्या तरी एका कृतीत किमान ४ गुण हवेत अशी नवी अट सुचवली, तेव्हा प्रत्येक गोष्टीत थोडीथोडी अडचण येणारी माणसे बाहेर फेकली जातील म्हणून मोठा विरोध झाला, आणि सत्ताधारी पक्षाच्याच खासदारांच्या दबावामुळे १ जुलैला ती अट विधेयकातून काढावी लागली. तिथलीही माणसे तपासणीच्या धास्तीत जगतात. पण एक गोष्ट तिथे आपल्याहून बरी आहे. त्या भत्त्याला उत्पन्नाची मर्यादा नाही. माणूस कमवत असो वा त्याचे घर कमवत असो, अपंगत्वाचा म्हणून जो वेगळा खर्च आहे तो आहेच, हे तत्त्व तिथे मान्य आहे. ब्रिटनइतका पैसा आपल्याकडे नाही, हे मलाही कळते. पण निदान ५०,००० ची मर्यादा लाडक्या बहिणीइतकी अडीच लाखांपर्यंत नेणे आणि ती ओलांडल्यावर अनुदान टप्प्याटप्प्याने कमी करणे, एवढे तरी याच राज्यात शक्य आहे. सिकलसेलसारख्या जन्मभराच्या आजाराला एकदाच प्रमाणपत्र देणे याला तर पैसेही लागत नाहीत.

पाचव्या घरच्या बाईंनी महिनाभर वाट पाहिली आणि मग दुसरी बाई ठेवली. मावशी त्या दारावरून रोज सकाळी जाते. उत्पन्नाचा दाखला नवा काढायचा आहे, त्यासाठी मी शाळेतून अर्धी रजा टाकली आहे. बहिणीला सोबत आणा असे म्हणाले, तर ऊन चढायच्या आत, सातलाच निघायचे ठरवले आहे. घडीची खुर्ची आणि पाण्याच्या दोन बाटल्या मी गाडीच्या डिकीत आताच ठेवून दिल्या आहेत.