वाड्याच्या भिंतीतला पिंपळ

पावसाळा तोंडावर आला की जुन्या नाशकातल्या पडायला झालेल्या वाड्यांना नोटिसा निघतात आणि आमच्या बोन्सायच्या नर्सरीत फोन वाजायला लागतात. गेल्या वर्षी पंचवटीतला असाच एक वाडा उतरवायला घेतला होता. मागच्या भिंतीत पिंपळ, आणि मजूर त्याला हात लावेनात. मालक म्हणाले, "तोडायचं पाप नको, तुम्ही जिवंत घेऊन जा."

शहरातलं झाड काढायचं तर १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. त्यामुळे मालकाचं पत्र आणि महापालिकेची परवानगी आधी, छिन्नी नंतर. बोन्सायसाठी म्हणून अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या वनहद्दीत खुरपं घेऊन हिंडणाऱ्यांबद्दल काय बोलावं! तो सरळ गुन्हा आहे, आणि पडक्या भिंती काय कमी आहेत?

बुंधा तळाशी चार इंच, उंची सातेक फूट. भिंतीतल्या झाडाची खरी किंमत मुळांत असते. चुन्याच्या सांध्यांतून वाट काढताना ती चपटी होऊन पसरतात, कुंडीत अशी नेबारी, म्हणजे बुंध्याभोवती वर दिसणारा मुळांचा पसारा, आणायला वर्षानुवर्षं लागतात. ती वाचवायची तर पहार लावून ओढायचं नाही. ओढलं की साल सोलवटून भिंतीतच राहते, हातात पांढरं दांडकं येतं आणि ते कुजतं. म्हणून भिंत वरून थराथराने उतरवली, छिन्नीने एकेक सांधा मोकळा केला. दोन मुळांनी वीट सोडलीच नाही. तो तुकडा तसाच राहू दिला, पहिल्या कुंडीबदलात काढता येतो.

पानझडी झाड निष्पर्ण असताना काढावं, असं थंड प्रदेशातली पुस्तकं सांगतात. तिकडे ते बरोबरच आहे. आपल्याकडे पिंपळ फाल्गुनाच्या आसपास पानं गाळतो, तेव्हा काढलेलं झाड फुटतंही. पण मुळं धरायच्या आत एप्रिल-मेचं कोरडं ऊन डोक्यावर येतं. जूनमध्ये ऊब आणि हवेत ओल, दोन्ही मिळतात.

तयार बोन्सायची उंची बुंध्याच्या जाडीच्या साधारण सहापट धरली तर इथे २४ इंच. खोडाचा पहिला काप तिच्या एक तृतीयांशावर, म्हणजे ८ इंचांवर यायला हवा. पिंपळ कापापासून खाली वाळत जातो, म्हणून तो ९ वर घेतला. चीक भळाभळा वाहिला. तो पाण्याने धुतला, काप सुकू दिला आणि वर बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावली. द्राक्षाच्या या मुलखात ती कुणीही करून देईल: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, १ लिटर पाणी. मुळांच्या कापांना मात्र रूटिंग पावडर.

कुंडी म्हणून द्राक्षाचं जाळीदार क्रेट घेतलं, तळाशी शेडनेटचा तुकडा. विटांचा ३ ते ६ मिलिमीटरचा चुरा पाच भाग, जाड वाळू तीन, कोकोपीट दोन. चुरा चाळून धूळ काढलीच पाहिजे, नाहीतर ती तळाशी बसून चिखल होतो. काळी माती चिमूटभरही नाही, खतही नाही. शेवटी बुंधा सुतळीने क्रेटला करकचून बांधला, कारण झाड हललं की नवी केसांएवढी मुळं तुटतात. वर ओलं गोणपाट, डोक्यावर ५० टक्के शेडनेट.

तिसऱ्या आठवड्यात कापाच्या कडेला लालसर कोंब आले. मालक पाहायला आले आणि खूश होऊन म्हणाले, "जगलं की हो!" त्यांना थांबा म्हटलं. हा फुटवा खोडातल्या साठ्यावर येतो, खाली एकही मूळ नसलं तरी येतो. साठा संपला की कोंब एका दिवसात माना टाकतात. नेमक्या याच वेळी लोक खत घालतात, उन्हात ठेवतात, मूळ आलं का म्हणून उकरून बघतात. तिन्हींनी झाड जातं. झडीच्या पावसात आमचाही एक कोंब काळा पडला. माती फार ओली राहत होती. क्रेटच्या एका बाजूखाली वीट सरकवून ते तिरपं केलं, साचलेलं पाणी निथळलं, बाकीचे कोंब टिकले.

ऑगस्टमध्ये क्रेटच्या फटीतून मुळांची पांढरी टोकं बाहेर डोकावली. दुपारच्या उन्हातही पानांचे देठ ताठ राहू लागले, तेव्हा गोणपाट काढलं आणि आठवड्याला पातळ शेणपाणी सुरू केलं.

सहा कोंबांतले तीन ठेवले. सर्वांत वरचा शेंडा म्हणून मोकळा सोडलाय. कापाजवळच्या खोडाच्या निम्म्या जाडीचा होईपर्यंत त्याला कात्री लावायची नाही, पाच फुटांवर गेला तरी. दोन्ही फांद्यांना वळण द्यायला अॅल्युमिनियमची तार गुंडाळली आहे. पावसाळ्यात पिंपळ इतक्या वेगाने जाडावतो की महिन्याभरात तार सालीत रुतते, म्हणून दर रविवारी बोट फिरवून पाहावं लागतं. रुतलेली तार उलगडायची नाही, पकडीने तुकडे करूनच काढायची.