कारण: शुगर

जुलैतली गोष्ट आहे पण डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून टाकते. मी म्हापशात कृत्रिम पाय बनवते. लोक डॉक्टर म्हणतात, मी डॉक्टर नाही, सांगून सांगून थकले. आमच्याकडे ढोबळमानाने दोनच गट येतात, शुगरवाले आणि बाईकवाले, आणि बाईकवाल्यांमध्ये हेल्मेट आरशाला लटकवून फिरणारे किती असतात ते विचारू नका.

त्या दिवशी आलेले काका साठीच्या पुढचे, मूळचे दोडामार्गकडचे, पण बरीच वर्षं इकडेच एका कॉलनीत राहतात. शेजारी गाडीतून घेऊन आलेला. डावा पाय गुडघ्याखाली नाही. जुना पाय पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरचा, सॉकेट, म्हणजे उरलेला पाय बसतो ती वाटी, इतकं सैल की आत पाच मोजे आणि वर बनियनचा तुकडा. मी म्हटलं काका पुण्यालाच का नाही गेलात, तर म्हणे आता प्रवास होत नाही. ते सेंटर लष्कराचं, पण तिथं सिव्हिलियनही जातात म्हणून मला काही वेगळं वाटलं नाही. फॉर्म भरताना विचारलं, पाय कशामुळे गेला?

"शुगर. लिव शुगर."

लिहिलं.

आता माप घेणं म्हणजे काय ते बाहेरच्यांना माहीत नसतं, सगळ्यांना वाटतं टेप लावली की झालं. स्टंपवर, म्हणजे उरलेल्या पायाच्या टोकावर, पातळ मोजा चढवायचा, पेन्सिलीने हाडाच्या जागा काढायच्या, मग ओल्या पीओपीच्या पट्ट्या गुंडाळायच्या आणि ते घट्ट व्हायच्या आधीच्या मिनिटभरात गुडघ्याच्या वाटीखालच्या शिरेच्या दोन्ही बाजूंना अंगठे दाबून धरायचे. सगळा खेळ त्या मिनिटाचा. अंगठा चार मिलिमीटर इकडेतिकडे झाला की माणूस वर्षभर लंगडतो आणि दोष पायाला देतो. त्यात आपला पावसाळा, पीओपीची पाकिटं सादळलेली, साचा वाळता वाळत नाही, तरी माझ्या मापाचं सॉकेट परत करावं लागलंय असं फार कमी वेळा झालंय, हे मी सांगणारच.

पण त्याआधी स्टंप नीट बघावा लागतो, हाताने. आणि काकांचा स्टंप बघताना माझे हात थांबले. शुगरवाल्यांचा स्टंप कसा असतो ते मला झोपेतही कळतं, कातडी पातळ, चकचकीत, टोचलं तरी पत्ता नाही. इथं बोट लावलं की काका बरोबर सांगत होते कुठे लावलं. दुसऱ्या पायाची नाडी मस्त चालू. शिवण वेडीवाकडी, मागे मांडीवरची कातडी काढून लावलेली, आणि कातडीच्या आत निळेकाळे ठिपके, शेकडो, गोंदल्यासारखे. माती आणि दारू. स्फोटात आत घुसलेली, ती कायमची राहते.

मी काय केलं, मोठ्यानं म्हटलं, "काका, हा शुगरचा पाय नाही. हा ब्लास्ट आहे."

आमचं पार्टिशन प्लायवूडचं. वर्षभर मालकांना सांगतेय की इथं भिंत घाला, लोक कपडे काढतात, रडतात, तर ते नवीन रिसेप्शन टेबल घेऊन आले.

काका बराच वेळ गप्प. मग खालच्या आवाजात म्हणाले, "श्रीलंका. 88 साली. मुल्लैतिवूचा जंगल." सुरुंग लाकडी पेटीतला होता म्हणे, डिटेक्टर वाजलाच नाही.

तेवढ्यात पार्टिशनपलीकडून आवाज, "खंयची पलटण?"

बाहेर एक रिटायर्ड सुभेदार बायकोच्या गुडघ्याचा पट्टा घ्यायला बसलेले. ते 87 च्या ऑक्टोबरात मराठा लाइट इन्फंट्रीच्या जंगी पलटणीबरोबर जाफन्यात होते. मी पट्ट्या गुंडाळतेय आणि दोघांचं पार्टिशनच्या आरपार भांडण. सुभेदार म्हणे जाफना आम्ही पंधरा-सोळा दिवसांत घेतला, अजून थोडा वेळ दिला असता तर काम फत्ते होतं, पण तिकडे श्रीलंकेत प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले, इकडे सरकार बदललं, मार्च 90 मध्ये मद्रासला उतरलो तर मुख्यमंत्री करुणानिधी स्वागतालाही आले नाहीत. काका म्हणे कसलं फत्ते, जाफना युनिव्हर्सिटीच्या मैदानात शीख लाइट इन्फंट्रीची 30 पोरं उतरवली, 29 मेली, धड नकाशे तरी होते का? ज्या तमिळ वाघांना, एलटीटीईला, आपल्याच लोकांनी ट्रेनिंग दिलं त्यांच्याशीच लढायला आपल्याला पाठवलं. "आमका कित्याक धाडल्यानी तां आमकाच कळला नाय." सुभेदार म्हणे ऑर्डर म्हणजे ऑर्डर. काका म्हणे आपल्या तिथल्या फौजेचे कमांडर जनरल हरकीरत सिंगांनाही वाघांच्या म्होरक्याला, प्रभाकरनला, भेटीला बोलावून गोळी घालायला सांगितलं होतं, त्यांनी नाही म्हटलं, नंतर जाहीर सांगितलं ना त्यांनी, मग ती ऑर्डर नव्हती काय?

यावर सुभेदार गप्प. म्हणजे गप्प नाही, बायकोला म्हणाले पाणी दे.

एक बाईकवाला पोरगा बसलेला, मोबाइलमधून मान वर काढून म्हणतो, "एक मिनिट, श्रीलंकेशी आपलं युद्ध झालेलं?" सुभेदारांनी त्याला सगळं सांगितलं, 87 चा करार, शांतिसेना, वाघांनी शस्त्रं खाली ठेवायची होती, ठेवली नाहीत. सुमारे 1,200 जवान गेले, कोलंबोजवळ त्यांचं स्मारक आहे. पोरगा म्हणाला, "मग फुकटच गेले ना?"

माझ्या हाताखाली काकांची मांडी एकदम ताठ झाली. नेमकं तेच मिनिट. मी म्हटलं काका सैल सोडा, सैल सोडा, नाहीतर माप जाईल. सुभेदार पोरावर ओरडले, "तू गप रव!" आणि काकाही इकडून तेच ओरडले, अगदी त्याच वेळी.

पहिलं माप गेलंच. दुसरं घेताना मी विचारलं, तुम्हीच तर आता हेच म्हणत होता. ते म्हणाले, मी म्हणेन. माझा पाय आहे. शुगर सांगितली की लोक पुढे विचारत नाहीत, श्रीलंका सांगितली की आधी विचारतात तिथं कधी युद्ध झालं, आणि समजावून सांगितलं की हेच म्हणतात.

बाहेर शेजारी उभा होता, त्यानं सगळं ऐकलेलं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, म्हणजे शुगर नाहीच? आम्ही बारा वर्षं त्यांच्याकडे चतुर्थीच्या गोड नेवऱ्या पाठवत नाही." मला हसू आलं आणि लगेच कसंतरी झालं. त्यांनी एवढी वर्षं सांभाळलेली गोष्ट मी एका वाक्यात अख्ख्या वेटिंग रूमला सांगून टाकली होती. बरोबर निदान केल्याचा तोरा मिरवायला. हळू बोलता आलं असतं की.

ट्रायलला काका एकटेच रिक्षाने आले. धरून चालायच्या दोन दांड्यांच्या मध्ये चालले, मी टाच थोडी आत वळवली, मग छान चालले, एका मोज्यात. कॉलनीत कळलं का वगैरे मी विचारलं नाही आणि ते बोलले नाहीत. निघताना एवढंच, "तो सुभेदार परत इलो काय?"

फॉर्ममधली शुगर मला खोडावीच लागली, कारण शुगर असेल तर लायनर (सॉकेटच्या आतलं मऊ अस्तर) वेगळा, फॉलोअप वेगळा. पण सॉफ्टवेअरच्या यादीत शुगर, कॅन्सर, जन्मजात, अपघात आणि इतर, एवढंच. अपघातात तो बाईकवाला आहे. काकांचं मी इतर केलंय. खाली तपशील लिहायला एक ओळ असते, ती भरल्याशिवाय फाइल बंद होत नाही, आणि रिसेप्शनची मुलगी रोज विचारते, मॅडम ही एक फाइल का उघडी आहे.