आमची वाटचाल: लाकडी होड्या आणि मॅकेन्झीचं पाणी

अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या स्प्रिंगफिल्ड गावात आमचं छोटं वर्कशॉप आहे. मी, बायको आणि हंगामापुरता एक मदतनीस. लाकडी ड्रिफ्ट बोटी (प्रवाहाबरोबर वाहत, वल्ह्यांनी सावरत न्यायच्या होड्या) बांधणं, जुन्या दुरुस्त करणं आणि उन्हाळ्यात मॅकेन्झी नदीवर वल्हवायला शिकवणं, हा आमचा धंदा. पाटीवर 'बोट बिल्डर' लिहिलंय, पण घर चालतं ते दुरुस्तीवर. शिकवणीतून इन्शुरन्सचा हप्ता निघतो. बांधणी ही हौस, अधूनमधून पैसे देणारी.

आधी हिल्सबरोत आयटीची नोकरी होती. शनिवार-रविवारी एका म्हाताऱ्या सुताराच्या हाताखाली रंधा मारायला जायचो. नोकरी गेली तेव्हा दुसरी शोधायच्या आधी बायकोनेच विचारलं, "स्प्रिंगफिल्डात किती जुन्या बोटी पडून आहेत रे?" पुष्कळ होत्या. बोटी बांधणारा वूडी हिंडमन याच गावचा. आज दिसते ती मॅकेन्झी बोट, म्हणजे आमची ड्रिफ्ट बोटच, त्याच्या हातून 1930-40 च्या दशकांत आकाराला आली, आणि प्लायवूड मिळू लागल्यावर ती हलकीही झाली.

या होडीला पठाण, म्हणजे तळाखालचा उभा कणा, नसतं. तळ सपाट, पण लांबीत केळ्यासारखा वाकलेला, त्यामुळे पाण्याला टेकतो तो मधलाच भाग आणि एका वल्ह्याच्या ओढीत होडी जागच्या जागी फिरते. वल्हवणारा प्रवाहाच्या दिशेला तोंड करून बसतो. समोर धोंडा दिसला की नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, त्याच्याकडे करायची आणि मागे ओढत राहायचं. वेग कमी करायचा, मग तिरकं सरकायचं. कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग केलेली मराठी मंडळी येतात, त्यांना हे पटतच नाही. भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेल्या पाण्यात "फॉरवर्ड! फॉरवर्ड!" ऐकायची सवय असते ना. रबरी राफ्ट दगडावर आपटून उडी मारते, पाव इंची प्लायवूड फुटतं. माझं मत विचाराल तर लाकडी होडीत माणूस नदी लवकर शिकतो, कारण पर्यायच नसतो.

ऑरेगनमधल्याच रोग (Rogue) नावाच्या नदीवर ब्लॉसम बार या दगडाळ खळाळात याची परीक्षा होते. डावीकडून आत शिरायचं आणि 'पिकेट फेन्स' नावाची दगडांची रांग गाठायच्या आत प्रवाह कापत उजवीकडे निघायचं. तिथे धंदेवाईक सफरींचे परवाने मोजकेच, आमच्याकडे नाही. खासगी परवान्याच्या लॉटरीत नंबर लागला तर आम्ही घरच्यापुरते जातो, गिऱ्हाईक नेत नाही.

बांधणीतलं मला आवडणारं काम म्हणजे बाजूंचे पत्रे जोडणं. प्लायवूड आठ फुटी, होडी सोळा फुटी. मग दोन्ही टोकं जाडीच्या आठपट लांबीत तिरकी रंधून, इपॉक्सीचा गोंद लावून एकावर एक चिकटवायची. पाव इंचाला दोन इंच उतार. रंधा बरोबर चालला तर प्लायवूडचे थर सरळ समांतर पट्ट्यांसारखे दिसतात. पट्टी वळली की समजायचं, हात वळला. फ्रेमला आम्ही शक्यतो पोर्ट ऑरफर्ड सीडरचं लाकूड वापरतो. हलकं, सहसा कुजत नाही, पण मुळांच्या रोगाने झाडं मरतायत, त्यामुळे चांगला माल मिळवायला फोनवर फोन करावे लागतात. एकदा एका व्यापाऱ्याने आगाऊ पैसे घेऊन गाठींचा माल पाठवला. तेव्हापासून फळी डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे नाहीत.

सप्टेंबर 2020 मध्ये मॅकेन्झीच्या खोऱ्यात 'हॉलिडे फार्म' नावाचा वणवा लागला. सुमारे 1,73,000 एकर जळालं, ब्लू रिव्हर गाव जवळजवळ राख झालं. शिकवणी बंद, रस्ता बंद. पुढे एक गिऱ्हाईक राखेतून वेचलेली वल्ही अडकवायची कडी पिशवीतून घेऊन आलं, म्हणालं, "याच्याभोवती होडी बांधा." असे आणखीही आले. आमच्याकडे ऑर्डरींची रांग पहिल्यांदा लागली ती अशी, आणि हे सांगताना अजूनही अवघडायला होतं.

सध्या 'एमराल्ड माईल' नावाच्या होडीची गोष्ट ऐकून आलेले बरेच असतात. 1983 च्या पुरात ती होडी ग्रँड कॅनियनचे 277 मैल 36 तास 38 मिनिटांत पार करून गेली. पण ती डोरी, म्हणजे वरून बंद केलेली लाकडी होडी, ग्रँड कॅनियनच्या सफरी चालवणाऱ्या मार्टिन लिटनच्या ताफ्यातली. आमची उघडी मॅकेन्झी बोट तिथल्या लाटांत भरून जाईल. तसं सांगितल्यावर निम्मे लोक परत जातात. उरलेल्यांना बायको आधी वल्ह्यावर बसवते, मापं नंतर घेते.