पट्टी भरली, फाइल पोचली नव्हती

"झालं, ने आता," मी ताईला म्हणालो आणि तिनं पेनड्राइव्ह उपसून पर्समध्ये टाकला. पडद्यावरची पट्टी शंभर टक्के भरली होती, कॉपीची खिडकी आपोआप मिटलीही होती. भाचीच्या नाटकाचा व्हिडिओ होता, १.४ जीबीचा. रात्री ताईचा फोन आला, "अरे, फाइल दिसतेय, पण उघडतच नाहीये." मागून भाचीचा आवाज येत होता, "मामाला सांग ना परत द्यायला." मूळ फाइल माझ्याकडे होती म्हणून निभावलं. पण नाटक बघायला बसलेल्या मुलीला "उद्या बघू" म्हणून उठवावं लागलं, हे मला फार लागलं. मी रोज लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरतो, इतरांना वापरायला सांगतो. मग ही पट्टी खोटं का बोलली, हे मला कळायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तोच पेनड्राइव्ह, तोच व्हिडिओ घेऊन बसलो. शेजारी टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून ‘प्रॉक’मधली ‘मेमइन्फो’ ही मेमरीचा हिशेब दाखवणारी फाइल ‘वॉच’ ही आज्ञा लावून दर सेकंदाला वाचत ठेवली. तिच्यात दोन ओळी बघायच्या: ‘डर्टी’ आणि ‘राइटबॅक’. डर्टी म्हणजे मेमरीत लिहिलेला, पण डिस्कवर अजून न गेलेला मजकूर. राइटबॅक म्हणजे आत्ता डिस्ककडे निघालेला. कॉपी सुरू केली. काही सेकंदांत पट्टी भरली, खिडकी मिटली. आणि त्याच क्षणी या दोन ओळींची बेरीज होती जवळजवळ १४ लाख किलोबाइट! म्हणजे अख्खा व्हिडिओ अजून रॅममध्येच होता. पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकत होता आणि आकडा सेकंदाला साधारण सहा हजारांनी उतरत होता. शून्याच्या आसपास यायला चार मिनिटं लागली. ताईनं पेनड्राइव्ह काढला तेव्हा यातलं फारसं काहीच झालेलं नव्हतं. शिवाय एमपी४ फाइलची अनुक्रमणिका बरेचदा शेवटी लिहिलेली असते. शेपूट गेलं की अख्खी फाइल उघडत नाही.

लिनक्स असं का करतं, याला कारण आहे. डिस्क नेहमीच रॅमपेक्षा हळू, म्हणून कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, लिहायचा मजकूर आधी मेमरीत घेतं आणि मागून सावकाश उतरवत राहतं. किती साठू द्यायचं याची मर्यादा ‘डर्टी रेशो’ ठरवतो. मूळ सेटिंगमध्ये तो उपलब्ध मेमरीच्या २० टक्के असतो आणि पार्श्वभूमीतलं लिखाण १० टक्क्यांना सुरू होतं. माझ्याकडे १६ जीबी रॅम आहे. त्यातली बारा मोकळी धरली, तरी दोन जीबीच्या वर मजकूर अधांतरी राहू शकतो. आतल्या एसएसडीला तो काही सेकंदांत पचतो, पण सेकंदाला सहा एमबी लिहिणाऱ्या पेनड्राइव्हला सहा-सात मिनिटं लागतात. २०१३ मध्ये कर्नेल विकसकांत याच अडचणीवर चर्चा झाली होती. तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनीही म्हटलं होतं की टक्क्यांची ही कल्पना मशीनमध्ये मोजके मेगाबाइट असायचे त्या काळातली आहे.

मी टक्क्यांऐवजी थेट बाइटांत मर्यादा घातली. ‘सिसकंट्रोल’ या कर्नेलच्या सेटिंगमध्ये ‘डर्टी बाइट्स’ला ६७१०८८६४, म्हणजे ६४ एमबी, आणि ‘डर्टी बॅकग्राउंड बाइट्स’ला १६७७७२१६, म्हणजे १६ एमबी. बाइटांचा आकडा दिला की टक्क्यांचा आपोआप शून्य होतो, त्याला हात लावावा लागत नाही. ही मर्यादा सगळ्या मशीनला लागू होते, फक्त यूएसबीला नाही. जड लिखाणाची कामं करणाऱ्यांनी ती थोडी सैल ठेवावी. आणि हे नीट लक्षात घ्या: यानं पेनड्राइव्ह तसूभरही वेगवान होत नाही. पट्टी तेवढी खरं बोलू लागते.

‘सिंक’ पर्याय देऊन पेनड्राइव्ह माउंट करा, म्हणजे सिस्टिमला जोडा, असाही सल्ला बरेच जण देतात. मला तो पटत नाही. त्यात प्रत्येक लिखाण तिथल्या तिथे पूर्ण करावं लागतं, वेग पार कोसळतो, आणि फ्लॅश मेमरीचं आयुष्य घटू शकतं असा इशारा ‘माउंट’च्या मॅन्युअलमध्येच दिलेला आहे. कॉपी झाल्यावर टर्मिनलमध्ये ‘सिंक’ ही आज्ञा देणं ही वेगळी गोष्ट. ती जरूर द्या आणि ती परत येईपर्यंत थांबा. फाइल मॅनेजरमधून अनमाउंट केलंत तरी तेच काम होतं, फक्त "आता काढा" असं सांगेपर्यंत हात आवरायचा.

एवढं कळल्यावर माझ्या बॅकअपच्या हार्डडिस्ककडे वळलो. तीही हळू होती, पण तिचं दुखणं वेगळं निघालं. यूएसबी ३ ची डिस्क, आणि वेग सेकंदाला ३५ एमबी. हा आकडा दिसला की माझा पहिला संशय यूएसबी २ वर जातो, कारण ४८० मेगाबिटांच्या त्या वाटेवर प्रत्यक्षात ३०-४० एमबीच मिळतात. ‘एलएसयूएसबी’ या आज्ञेला ‘टी’ जोडून चालवलं की जोडण्यांचं झाड दिसतं आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला वेग. माझ्या डिस्कपुढे ४८०एम होतं, हवं होतं ५०००एम. मी ती जुन्या हबमधून जोडली होती. थेट मशीनच्या पोर्टात लावली तरी ४८०एमच! मग केबल बदलली आणि ५०००एम झालं. यूएसबी ३ च्या जोडणीत जुन्या चार संपर्कांखेरीज नवे पाच असतात. ते नीट टेकले नाहीत, की डिस्क मुकाट्यानं यूएसबी २ म्हणून चालू राहते. कुठेही चूक दाखवत नाही. त्या एका केबलपायी मी कित्येक महिने रात्रभर बॅकअप चालू ठेवत होतो. आता वेग ११० च्या आसपास असतो. फिरत्या तबकडीच्या डिस्कला तेवढा पुष्कळ आहे.

वेग मोजताना ‘डीडी’ ही कॉपीची आज्ञा वापरत असाल तर तिला ‘एफसिंक’ची, म्हणजे डिस्कवर लिहून होईपर्यंत थांबायची, अट घाला, नाहीतर तुम्ही रॅमचाच वेग मोजाल. आणि फाइल मोठी घ्या. काही पेनड्राइव्ह पहिले एक-दोन जीबी झपाट्यानं घेतात, मग आतली जलद जागा भरली की बसतात.

डिस्क मधेच अडखळत असेल, तर कॉपी चालू असताना ‘डीमेसेज’, म्हणजे कर्नेलच्या संदेशांची यादी, बघा. तिथे ‘रीसेट’च्या ओळी येत असतील आणि सोबत ‘यूएएस’ या यूएसबी डिस्कच्या नव्या ड्रायव्हरचं नाव असेल, तर डिस्कच्या डब्यातल्या चिपचं त्या ड्रायव्हरशी जमत नसण्याची शक्यता असते. ‘यूएसबी-स्टोरेज’ या जुन्या ड्रायव्हरच्या ‘क्विर्क्स’ या सेटिंगमध्ये तिचा क्रमांक आणि ‘यू’ हे अक्षर देऊन तिला त्यावर आणता येतं. हजारो बारक्या फाइली असतील तर आधी त्या सगळ्या एकत्र बांधून एक टार फाइल करा, फरक लगेच जाणवेल.

गेल्या आठवड्यात ताई पुन्हा आली, या वेळी मोठ्या व्हिडिओसाठी. पट्टी संथ सरकत होती. "तुझं मशीन हळू झालंय का रे?" तिनं विचारलं. मी तिला डर्टीचा आकडा दाखवला आणि तो कशाचा, ते सांगितलं. पट्टी भरली तरी तिनं पेनड्राइव्हला हात लावला नाही. आकडा उतरला, दिवा थांबला, मी अनमाउंट केलं. मग तिनं तो काढला आणि माझ्याच लॅपटॉपला पुन्हा लावून व्हिडिओ शेवटापर्यंत पुढे सरकवून बघितला.