‘वायफाय ६’ म्हणजे नेमकी कुठली चिप? लिनक्ससाठी लॅपटॉप घेताना आलेला अनुभव

लॅपटॉपच्या खोक्यावर प्रोसेसरचं पूर्ण नाव असतं, रॅम किती ते असतं, एसएसडी किती जीबीची तेही असतं. वायफायपुढे फक्त ‘वायफाय ६, ड्युअल बँड’. विंडोज वापरणाऱ्याचं त्यावर भागतं, कारण ड्रायव्हर (तो भाग चालवणारं सॉफ्टवेअर) कंपनीने आधीच घातलेला असतो. विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची म्हटलं की गाडं नेमकं इथेच अडतं. मला लॅपटॉप घेताना जो मनस्ताप झाला तो या एका ओळीपायी. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

माझं काम मजकूर जुळवणीचं आणि मुद्रितशोधनाचं. घरच्या डेस्कटॉपवर बरीच वर्षं डेबियन हा लिनक्सचा प्रकार आहे, सगळं काम लिबर ऑफिस आणि स्क्रायबसमध्ये होतं. २०२४ मध्ये बाहेरगावी असतानाही काम करता यावं म्हणून लॅपटॉप घ्यायचं ठरवलं. बजेट बेताचं होतं. ग्राफिक्सचा प्रश्न चटकन सुटला: वेगळं कार्ड नको, प्रोसेसरमधलंच पुरे, त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, असतो. कीबोर्ड बोटांना बरा वाटला, स्क्रीन डोळ्यांना बरी वाटली, मॉडेल पक्कं झालं. उरलं वायफाय.

वायफायची चिप ज्या छोट्या कार्डावर असते, त्याची ओळख लिनक्सला पटते ती दोन क्रमांकांच्या जोडीवरून. पहिला बनवणाऱ्याचा, दुसरा त्या चिपचा. ८०८६ म्हणजे इंटेल आणि ८०८६:२७२५ म्हणजे त्यांचं एएक्स२१० हे वायफाय कार्ड. ही जोडी कर्नलमधल्या एखाद्या ड्रायव्हरला माहीत असेल तर कार्ड चालू होतं, नसेल तर नाही. त्यात कर्नलची आवृत्तीही बघावी लागते. एएक्स२१० कर्नल ५.१० पासून चालतं. डेबियन १२ मध्ये ६.१ आहे, तेव्हा तिथे काळजी नव्हती. फर्मवेअर नावाची, चिपमध्ये भरायची आणखी एक फाइल लागते, पण जून २०२३ मध्ये डेबियन १२ आलं तेव्हापासून ती इन्स्टॉलरमध्येच मिळते. त्याआधी ती वेगळी शोधून पेन ड्राइव्हवर घ्यावी लागायची. ड्रायव्हरच नसेल तर मात्र नुसतं फर्मवेअर असून उपयोग शून्य.

कंपनीच्या संकेतस्थळावर माझ्या मॉडेलचं डाउनलोडचं पान उघडलं. तिथे वायफायचे विंडोज ड्रायव्हर होते तीन, तीन वेगवेगळ्या उत्पादकांच्या चिपांचे. म्हणजे मॉडेलचं नाव एकच, पण आत यातलं कुठलंही कार्ड निघू शकतं. (लॅपटॉप बघायला जाण्याआधी हे पान बघाच. वायफायचा एकच ड्रायव्हर दिसला तर निम्मं काम झालं.) माझ्या यादीतल्या दोन चिपा लिनक्सवर व्यवस्थित चालतात. तिसरीचा ड्रायव्हर तेव्हाच्या कुठल्याच कर्नलमध्ये नव्हता, अगदी नव्यातही नाही.

मग हेल्पलाइनला फोन केला.

“मॅडम, वायफाय ६ आहे.”

“हो, पण चिप कुठल्या कंपनीची?”

“ड्युअल बँड आहे मॅडम, स्पीड चांगला मिळतो.”

“मला त्यावर लिनक्स टाकायचंय, म्हणून विचारतेय.”

“लिनक्सला आमचा सपोर्ट नाही मॅडम.”

मी सपोर्ट मागितलाच नव्हता. ज्या वस्तूचे पैसे मोजणार तिच्यात कुठला भाग बसवलाय, एवढंच विचारत होते. परत फोन केला की दुसरं कुणी तरी उचलायचं, मॉडेल नंबर पहिल्यापासून सांगायचा, आणि गाडी परत वायफाय ६ वर. 

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराने मात्र डेमो पीसवर पेन ड्राइव्ह लावू दिला. सगळे देत नाहीत, म्हणून त्याचे आभार मानायलाच हवेत. लाइव्ह, म्हणजे थेट पेन ड्राइव्हवरून चालणारं, डेबियन चालू केलं. त्यात डिस्कवर काहीही लिहिलं जात नाही, हे त्याला आधी समजावून सांगितलं. टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा दिली, पुढे डॅश आणि ‘एनएनके’. यादीत ‘नेटवर्क कंट्रोलर’ची ओळ शोधायची, चौकटी कंसात ०२८० असतं तीच. तिच्या शेवटी ती क्रमांकांची जोडी आणि खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’. तिथे इंटेलचं नाव होतं, ड्रायव्हर लागलेला होता, दुकानाचं वायफायही जोडलं गेलं.

“झालं ना ताई? पॅक करू?”

पण डेमो पीस जुन्या लॉटचा होता. मला मिळणार होतं ते सीलबंद खोकं, आणि त्याच्या स्टिकरवर उत्पादनाचा महिना कितीतरी नंतरचा. मधल्या काळात कार्ड बदललं नसेल कशावरून? सील फोडून बघू देणं त्याला शक्य नव्हतं, आणि त्यात त्याची काही चूक नाही. फोडलेलं खोकं दुसरं गिऱ्हाईक घेत नाही.

त्याच स्टिकरवर सिरीयल नंबर होता. फोटो काढला, हेल्पलाइनला तो नंबर दिला. उत्तर आलं, “या नंबरवर प्रॉडक्ट रजिस्टर झालेलं नाही. खरेदी झाल्यावर रजिस्टर करा, मग बघून सांगू.” म्हणजे आधी पैसे भरायचे आणि काय घेतलं ते नंतर कळणार! मी ईमेल लिहिला. उत्तरात माहितीपत्रकाची लिंक, ज्यात तेच ते ‘वायफाय ६’. मग पुन्हा लिहिलं, की ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वस्तूचा दर्जा आणि मानक याबद्दल माहिती मिळणं हा ग्राहकाचा हक्क आहे, आणि मी फक्त एका भागाचं नाव विचारते आहे. त्यावर ‘आपल्या तक्रारीचं निवारण झालं असून तिकीट बंद करण्यात येत आहे’ असा आपोआप येणारा संदेश आला. निवारण कशाचं झालं, ते लिहिणाऱ्या यंत्रालाच माहीत असणार. माझ्या हातात काहीच पडलं नव्हतं.

शेवटी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन बसले. टोकन घेतलं. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, मशीन कुठंय? मशीन अजून घेतलंच नाही म्हटल्यावर तिला एंट्रीच करता येईना, कारण तिच्या फॉर्ममध्ये असा रकाना नव्हता. मी बाजूला उभी राहिले, हलले नाही. मागे एक इंजिनिअर कुणाचा तरी बिजागर बसवत होता. त्याने आमचं बोलणं ऐकलं, माझा फोन मागितला आणि फोटोतला सिरीयल नंबर स्वतःच्या संगणकावर टाकला. पडद्यावर त्या नेमक्या खोक्यातल्या भागांची यादी उघडली. मदरबोर्ड, पॅनेल, बॅटरी, कीबोर्ड, आणि त्याच ओघात ‘डब्ल्यूलॅन मॉड्यूल’ म्हणजे वायफाय कार्ड, पुढे पार्ट नंबर आणि उत्पादकाचं नाव. ती लिनक्सवर न चालणारी तिसरी चिप होती.

माहिती पहिल्यापासून त्यांच्याकडे होती. सील न फोडता, रजिस्टर न करता, एका नंबरावर मिळत होती. हेल्पलाइनच्या माणसांना ती बघायची मुभा नव्हती की शिकवलंच नव्हतं, पण त्याची किंमत ग्राहकाने का मोजायची? त्या इंजिनिअरचं नाव इथे लिहीत नाही. त्याच्या वरिष्ठांना आवडेल की नाही कोण जाणे. पण त्याच्यासारखा एक माणूस हेल्पलाइनवर असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

दुकानदाराने त्याच मॉडेलच्या बाकीच्या खोक्यांच्या स्टिकरचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले, इंजिनिअरने नंबर तपासून दिले, आणि त्यातल्या एकात चालणारी चिप निघाली. तेच खोकं घेतलं. डेबियन टाकताना सांगण्यासारखं काहीच घडलं नाही, वायफायचा पासवर्ड टाकला आणि पुढे गेले.

मनासारखं खोकं नाही मिळालं तर कार्ड बदलता येतं का, हेही मी त्या इंजिनिअरला विचारून घेतलं होतं. कार्ड बोर्डावर सोल्डर केलेलं नसेल तर येतं. सहसा ते एम.२ जोडणीचं, २२३० मापाचं असतं. पण एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही कार्डं फक्त ठरावीक इंटेल प्रोसेसरच्याच लॅपटॉपमध्ये चालतात. एएमडीवाल्यांनी एएक्स२१० घ्यावं. वॉरंटीवर काय परिणाम होईल ते आधी लेखी घ्या.

हातात आधीच विंडोजचा लॅपटॉप असेल तर हा सगळा खटाटोप नको. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टरच्या प्रॉपर्टीज उघडा, डिटेल्समध्ये ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. ‘व्हीईएन’ आणि ‘डीईव्ही’पुढची चार-चार अक्षरं म्हणजेच ती जोडी. ब्लूटूथ बहुधा त्याच कार्डावर असतं, म्हणून लाइव्ह पेन ड्राइव्हवर तेही लावून बघा. झाकण मिटून, परत उघडून मशीन जागं होतं का हेही तिथेच बघा. लोक आवाज आणि कॅमेरा तपासतात, हे विसरतात.

इन्स्टॉलरला एसएसडीच दिसली नाही तर घाबरू नका. बहुधा बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) इंटेलचं आरएसटी किंवा व्हीएमडी, म्हणजे डिस्क हाताळायची त्यांची पद्धत, चालू असतं, म्हणून ती दिसत नाही. मात्र विंडोज ठेवायचं असेल तर ते सरळ बंद करू नका, विंडोज सुरू व्हायचं थांबतं. विंडोजच्या बिटलॉकर या डिस्क-कुलपाची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या. बोटाच्या ठशाचा सेन्सर यूएसबीवर असतो, तो ‘एलएसयूएसबी’ या आज्ञेने दिसतो. ‘लिबएफप्रिंट’ या लिनक्सवर ठसे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरच्या यादीत त्याचा क्रमांक आहे का बघा. माझा नाही. ते मला घेण्याआधीच माहीत होतं आणि मला तो नकोच होता. आणि फोनची यूएसबी केबल जवळ असू द्या. वायफाय नाही चाललं तरी फोनच्या टेदरिंगवरून इंटरनेट मिळतं आणि पुढची डागडुजी करता येते.

कंपनीला लिहाल तेव्हा ‘लिनक्स चालेल का’ असं विचारू नका, त्या शब्दावर फाइल मिटते. एवढंच लिहा: ‘सोबत जोडलेल्या सिरीयल नंबरच्या यंत्रातील डब्ल्यूलॅन मॉड्यूलचा उत्पादक आणि पार्ट नंबर कळवावा.’ उत्तर टाळलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.